पंखा की फर्मवेअर? ९२११-८आय कार्ड अपडेट केल्यानंतरचे दहा महिने

सर्व्हर म्हटल्यावर काचेची खोली, एसी वगैरे काही डोळ्यांसमोर आणू नका. माझ्या मेहुण्याचा बडोद्यात सयाजीगंजात लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. त्याचा सगळा माल एका जुन्या टॉवरमध्ये राहतो, तोच हा सर्व्हर. ४ टीबीच्या आठ डिस्क, त्या सगळ्यांचा मिळून झेडएफएस या फाइल सिस्टिमचा रेडझेड२ पूल (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो असा एकत्र साठा), चुका दुरुस्त करणारी ३२ जीबी ईसीसी रॅम आणि मदरबोर्डला लावलेल्या एका एसएसडीवर डेबियन लिनक्स. आठही डिस्क ९२११-८आय या सेकंडहँड एचबीए कार्डावर, म्हणजे डिस्क मशीनला जोडणाऱ्या कार्डावर आहेत. त्यातली चिप एसएएस२००८. जुनी आहे, पण साध्या फिरत्या डिस्कना ६ जीबीपीएस पुरून उरतं.

या कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत कोरलेलं सॉफ्टवेअर, बदलून दहा महिने झाले. बदलल्याचा पस्तावा नाही. पण ज्या त्रासापायी बदललं त्यातला निम्मा त्रास फर्मवेअरचा नव्हताच, हे मला मे महिन्यात कळलं.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी गावात शिरली, तोपर्यंत हा टॉवर स्टुडिओत तळमजल्यावर सुखाने चालला होता. पाणी चढायच्या आदल्या रात्री मेहुण्याने आणि मी तो टेम्पोत घालून आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आणला आणि वरच्या खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गुडघ्याच्या वर पाणी होतं, म्हणजे निर्णय बरोबरच होता. फक्त आमची वरची खोली म्हणजे पत्र्याखालची माडी. पूर आला की माणूस उंची बघतो, वारा कुठून येतो ते बघत नाही.

सप्टेंबरच्या स्क्रबमध्ये, म्हणजे झेडएफएस सगळा डेटा वाचून पडताळतं त्या फेरीत, चेकसमच्या (वाचलेला डेटा जुळला नाही अशा चुकांच्या) रकान्यात आकडे दिसले. एका डिस्कला दोन, दुसरीला पाच. रेडझेड२ने ते दुरुस्त केले, एकही फाइल गेली नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा आकडे, पण वेगळ्याच डिस्कना. एकच डिस्क सतत रडत असती तर सरळ बदलून मोकळा झालो असतो. इथे कधी तिसरी, कधी सहावी. शिवाय कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'पॉवर-ऑन ऑर डिव्हाइस रीसेट ऑकर्ड' ही ओळ दुपारच्या वेळी भसाभस यायची आणि पूल दहा-पंधरा सेकंद गोठायचा. एडिटिंगला बसलेला मुलगा खालून ओरडायचा, "दादा, पाछुं अटकी गयुं!" (पुन्हा अडकलं!)

स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदवहीत, १९९ क्रमांकाची एक नोंद असते, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडून पोचला की हा आकडा वाढतो. डिस्कच्या आतल्या तब्येतीशी त्याचा संबंध नाही, आणि एकदा वाढलेला आकडा पुन्हा कधीही खाली येत नाही. म्हणून नुसता आकडा बघून घाबरण्यात अर्थ नसतो, तो वाढतोय का एवढंच बघायचं. आमच्या सहाव्या डिस्कवर तो ४३ पर्यंत गेला होता. मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आईच्या दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवत असे. आई एकदा विचारती झाली, "हे त्रेचाळीस लिटर कुणाचं?"

वाटेवरचा बिघाड म्हणजे पहिला संशय केबलवर. एका टोकाला कार्डात बसणारा ८०८७चा एकच प्लग आणि दुसऱ्या टोकाला डिस्कना लागणारे चार साटा प्लग अशी जी केबल असते, त्या दोन्ही बदलल्या. इथे एक ठेच लागू शकते. दिसायला अगदी तशीच उलटी केबलही मिळते. ती मदरबोर्डची चार साटा पोर्ट बॅकप्लेनला (डिस्क ज्यात खोचतात त्या पाटीला) जोडण्यासाठी असते. कार्डातून डिस्ककडे जायला ती चालत नाही, डिस्क दिसतच नाहीत. आमच्या दुकानदाराने पहिल्या खेपेला तीच दिली. असो. योग्य केबल लावूनही आकडे येतच राहिले.

मग एका दुपारी टॉवर चालू असताना बाजूचं झाकण काढून कार्डाच्या हीटसिंकला बोट लावलं. तीन सेकंदही टेकवता आलं नाही. ही कार्डं रॅकच्या सर्व्हरसाठी केलेली, जिथे समोरून पंख्यांची फळी सतत वारा ढकलत असते. टॉवरच्या कोपऱ्यात, ग्राफिक्स कार्डाच्या जागी, पत्र्याखाली, त्याला कोण वारा घालणार? ४० मिलिमीटरचा एक छोटा पंखा झिपटायने हीटसिंकवर बांधला. लॉगमधले रीसेट त्याच दिवशी थांबले. पण नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या स्क्रबमध्ये चेकसमचे दोन-तीन आकडे आलेच, आणि १९९ची नोंदही हळूहळू पुढे सरकत राहिली.

आता उरलं फर्मवेअर. कार्ड आयटी मोडमध्ये, म्हणजे रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणं) न करता डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं, असंच विकत मिळालं होतं. विक्रेत्याने "फ्लॅश केलेलं आहे", म्हणजे फर्मवेअर लिहिलेलं आहे, एवढंच सांगितलं होतं, आणि मीही आवृत्ती कधी पाहिली नव्हती. लॉगमध्ये पाहिलं तर २०.००.०२.००. पी२० या मालिकेतली ही सुरुवातीची आवृत्ती. झेडएफएसवाल्या जुन्या लोकांना विचारलं की पहिला प्रश्न हाच येतो: "०७ आहे ना?" म्हणजे २०.००.०७.००. पी२० ठेवायचंच असेल तर तेच, असा सरळ हिशेब आहे.

वेळ कधी काढायची हा खरा प्रश्न होता. लग्नाच्या धंद्यात सर्व्हर बंद ठेवायला मोकळा दिवस मिळत नाही. पण गुजरातेत डिसेंबरच्या मध्यापासून कमुरता लागतात, त्यात लग्नं होत नाहीत, आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, ते संपतात. पुढच्या दिवसांपासून पुन्हा बँडबाजा. म्हणून मेहुण्याने १४ जानेवारी ठरवली. "भाऊजी, त्या दिवशी कुणीच काम करत नाही. सगळे गच्चीवर."

उत्तरायणला बडोद्यात फर्मवेअर फ्लॅश करणं यासारखा मूर्खपणा नाही, हे मला सकाळी साडेअकराला कळलं. मांजा विजेच्या तारांत अडकतो आणि लाइट जाते. एकदा नाही, चार-चार वेळा. आणि फर्मवेअर अर्धवट लिहिलं जाऊन वीज गेली की कार्ड म्हणजे नुसता पत्रा. मी नुकतीच पेनड्राइव्हवरून मशीन उठवली होती, अजून काहीही लिहिलं नव्हतं, तेवढ्यात यूपीएस ओरडायला लागला. बाहेर गच्च्यांवर "काप्यो छे!"चा गजर, आत मी यूपीएसच्या बॅटरीचा आकडा बघत घामाघूम. मशीन बंद केली आणि सरळ वर जाऊन फिरकी धरली.

मग दुपारी दीडनंतर केलं. का, तर त्या वेळी सगळी गच्ची खाली उतरते, उंधियू-जलेबीवर बसते, आणि तासभर आभाळ रिकामं असतं. आई जिन्यातून हाका मारत होती, "अरे, तिळगूळ तरी खाऊन जा!"

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच माझा वेळ गेला.

डॉसच्या पेनड्राइव्हवरून फ्लॅश करायच्या जुन्या कृती सगळीकडे सापडतात. नव्या मदरबोर्डवर त्या बहुतेक वेळा 'फेल्ड टू इनिशियलाइज पीएएल' म्हणून तोंड फिरवतात. तो कार्डाचा दोष नसतो, डॉसचं साधन यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेली पद्धत) असलेल्या बोर्डवर कार्डापर्यंत पोचूच शकत नाही. त्यामुळे पेनड्राइव्ह एफएटी३२ करून त्यावर यूईएफआय शेल ठेवायचं आणि एसएएस२फ्लॅश या फ्लॅश करायच्या साधनाची ईएफआय आवृत्ती घ्यायची. ती फर्मवेअरच्या झिपमध्ये नसते, वेगळी उतरवावी लागते. चिपची मूळ कंपनी दोनदा हात बदलून आता तिसऱ्या नावाने ओळखली जाते, म्हणून शोधताना कंपनीचं नाव न टाकता कार्डाचा क्रमांक आणि पी२० टाका, लवकर सापडतं.

आधी सगळी यादी दाखवणारा आदेश देऊन कार्ड दिसतंय का, आवृत्ती काय, आणि एसएएस पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) काय, हे कागदावर उतरवून घेतलं. हा १६ अक्षरांचा पत्ता कार्डाच्या मागच्या स्टिकरवरही असतो. फ्लॅश पुसायचा आदेश दिलात तर हाच पत्ता पुन्हा हाताने भरावा लागू शकतो, आणि तेव्हा स्टिकर वाचायला कार्ड उपसायची वेळ येते.

पुसायच्या आदेशाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. अनेक कृतींमध्ये पहिली पायरी म्हणून तो डोळे झाकून दिलेला असतो. आयटीवरून आयटीवरच आणि जुन्यावरून नव्याकडे जाताना त्याची गरज नाही, वरून लिहिलं की झालं. आयआर मोडमधून, म्हणजे कार्डच रेड करतं त्या मोडमधून, यायचं असेल किंवा आवृत्ती मागे न्यायची असेल तरच तो लागतो. आणि एकदा पुसलंत की नवं लिहीपर्यंत मशीन रीस्टार्ट करायची नाही, लाइट जाऊ द्यायची नाही. उत्तरायणच्या दिवशी मी ते धाडस करणार नव्हतो.

पूल आधी एक्स्पोर्ट केला होता, म्हणजे नीट बंद करून मशीनपासून सोडवला होता. केबलींच्या आठही टोकांना क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावून दोन्ही केबली कार्डावरून काढल्या होत्या. चालू हंगामातल्या लग्नांची दुसरी प्रत दोन यूएसबी डिस्कवर कपाटात. आयटी फर्मवेअरची फाइल आणि बूट बायोसची फाइल अशा दोन्ही दिल्या आणि एंटर मारला. मिनिटभर ओळी सरकल्या. 'सक्सेसफुल' ही अक्षरं येईपर्यंत मी श्वास घेतला होता की नाही, आठवत नाही. रीस्टार्ट, २०.००.०७.००, बायोस ०७.३९.०२.००. केबली लावल्या, पूल इम्पोर्ट केला, आठही डिस्क हजर. चिकटपट्ट्या खरं तर फुकट गेल्या, कारण झेडएफएस डिस्कवरचं लेबल बघून पूल ओळखतो, कुठली डिस्क कुठल्या पोर्टवर याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बूट बायोस टाकायला नको होतं, असं आता वाटतं. कार्डावरच्या डिस्कवरून ओएस उठवायची असेल तरच ते हवं. आमचं ओएस मदरबोर्डच्या एसएसडीवर, मग हे बायोस प्रत्येक वेळी उठून आठही डिस्क मोजत बसतं. मी बोर्डच्या सेटिंगमध्ये त्या स्लॉटचं ऑप्शन रॉम (म्हणजे कार्डावरचं हेच बायोस) बंद केलं, तेव्हा कुठे सुरू होण्याचा वेळ आटोक्यात आला.

आता दहा महिन्यांचा हिशेब. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब चालतो, आमच्याकडे साधारण नऊ तास घेतो. फ्लॅश केल्यावर लगेच एक आणि नंतर दर महिन्याला एक, सगळ्यांत चेकसमच्या रकान्यात शून्य. सहाव्या डिस्कची १९९ची नोंद ४३ वर थांबली ती थांबलीच. वेग मात्र वाढला नाही, तसा कुणी दावा केला तर विश्वास ठेवू नका. फिरत्या डिस्कचा वेग डिस्कच ठरवते.

मे महिन्यात मात्र गंमत झाली. बाहेर ४२-४३ अंश, माडीवर त्याहून जास्त. एका दुपारी पुन्हा तीच हाक, "अटकी गयुं!" लॉगमध्ये तेच रीसेट, रांगेने. माझ्या पोटात गोळा आला. झाकण उघडलं तर कार्डावरचा छोटा पंखा धुळीने जाम, फिरतच नव्हता. आणि तेव्हा मी १९९ची नोंद पाहिली: ४३. पूल गोठत होता, रीसेट येत होते, पण वाटेवरचा डेटा बिघडत नव्हता. हा प्रयोग मी ठरवून केला असता तर इतका स्वच्छ झाला नसता. गोठणं उष्णतेचं होतं आणि चेकसमचे आकडे जुन्या फर्मवेअरचे. दोन आजार एकाच वेळी आले म्हणून मी त्यांना एकच समजत होतो.

त्यानंतर ४०चा पंखा काढून टाकला. छोटे पंखे किरकिरतात आणि लवकर मरतात. आता ८० मिलिमीटरचा एक पंखा पीसीआय स्लॉटच्या समोर पट्टीवर बसवला आहे, तो थेट कार्डावर वारा टाकतो. आवाज नाही, आणि जूननंतर रीसेटची एकही ओळ नाही. या कार्डाचं तापमान मला सॉफ्टवेअरमधून वाचता येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा बोट लावून बघतो. आता दहापर्यंत मोजता येतं.

मेहुणा म्हणतोय, १२ जीबीपीएसवालं नवं कार्ड घेऊ या. मी म्हटलं, त्या पैशात टॉवर खालच्या मजल्यावर आणण्यासाठी दीड फूट उंच लोखंडी घोडी करून घे. त्यावर सध्या आमच्यात बोलणी चालू आहेत. तोपर्यंत नवी लग्नसराई आली, यूपीएसची बॅटरी बदलून घेतली आहे आणि ८०चा एक जादा पंखा आईच्या मसाल्याच्या फडताळाखालच्या खणात ठेवला आहे.