सिस्टिमडीच्या युजर सर्व्हिस: गुळाच्या एका हंगामानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील आमच्या गुळाच्या अडत दुकानात डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा एक साधा डेस्कटॉप आहे. त्यावरची एक पायथन स्क्रिप्ट वजनकाट्याच्या सिरीयल केबलवरून गुळाच्या रव्याचे (ढेपेचे) वजन वाचते, दुसरी ते शेतकऱ्याच्या खात्यावर नोंदवते आणि तिसरी हिशेबपट्टी छापते. पूर्वी हे सारे क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीच्या, भरवशावर चाले. या हंगामाच्या सुरुवातीला ते सिस्टिमडीच्या (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करून त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) युजर सर्व्हिसकडे, म्हणजे एका वापरकर्त्याच्या नावाने पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांकडे, सोपवले. स्क्रिप्ट सुरू करणे आणि सुरू ठेवणे यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. स्क्रिप्टांचा आपसांतला संवाद मात्र आपणच नीट बांधावा लागतो.

क्रॉनमध्ये सर्वांत छळणारा प्रकार म्हणजे टर्मिनलवर व्यवस्थित चालणारी स्क्रिप्ट वेळापत्रकावर गप्प बसणे. क्रॉन आपल्या लॉगिनच्या सेटिंग वाचत नाही, डेस्कटॉपवर सूचना दाखवण्यासाठी लागणारा डी-बसचा (प्रोग्रॅमांमधल्या निरोपांच्या वाहिनीचा) पत्ताही त्याच्याजवळ नसतो. सिस्टिमडीही बॅशच्या (टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग वाचत नाही, पण लागणारे व्हेरिएबल युनिट फाइलमध्येच (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिता येतात आणि बिघाडाचे कारण जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदवहीत, सापडते. एकदा विंडोजवर दुरुस्त होऊन आलेली स्क्रिप्ट २०३ या कोडने बंद पडली. हा कोड म्हणजे प्रोग्रॅम सुरूच करता आला नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी विंडोजचे न दिसणारे अक्षर चिकटले होते, त्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या अक्षरासह इंटरप्रिटरचे, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, नाव शोधत होता. कोड हाती असल्याने शोध तिथूनच सुरू झाला.

पुन्हा सुरू होण्याची सोय वापरताना एक गोष्ट आवर्जून बदलावी. मुळात दोन प्रयत्नांमध्ये १०० मिलिसेकंदांचेच अंतर असते आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू झालेली सर्व्हिस पुढे सुरू केली जात नाही. काट्याची केबल निघाली की ही मर्यादा क्षणात संपते आणि केबल परत जोडूनही वजन येत नाही. अंतर ५ सेकंद केल्यावर हा त्रास संपला. वीज गेल्यानंतर कोणी लॉगिन न करताही सर्व्हिस उठावी यासाठी लिंगर ही लॉगिनशिवायही युजर सर्व्हिस चालू ठेवणारी सेटिंग चालू करावी लागते.

खरी परीक्षा संवादाची. पायथनचे आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपकडे (एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या मार्गाकडे) वळले की ते ओळीओळीने न जाता बफर, म्हणजे मधली साठवण, भरेपर्यंत साठते; वजनाची ओळ जेमतेम वीस बाइटांची, त्यामुळे सौदा रंगात असताना नोंदी मागे राहतात आणि मग एकदम येतात. पायथनला बफर न करण्याचा पर्याय दिल्यावर वजने तत्काळ पोचू लागली. नेमड पाइपची, म्हणजे फाइलसारखे नाव असलेल्या पाइपची, अडचण वेगळी: वाचणारा हजर नसेल, तर लिहिणारी स्क्रिप्ट पाइप उघडतानाच थांबते आणि सिस्टिमडी मात्र तिची स्थिती चालू म्हणूनच दाखवत राहते. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. स्ट्रेस (strace, प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारे साधन) जोडून पाहिल्यावरच ती कुठे अडकली आहे ते कळते.

त्यावरचा उपायही सिस्टिमडीतच आहे. सॉकेट युनिटमध्ये (संवादाचे मार्ग नोंदवण्याच्या युनिट फाइलमध्ये) नेमड पाइप नोंदवला, तर तो सिस्टिमडी स्वतः उघडा ठेवते. नोंदवणारी स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तरी तिने न वाचलेली वजने पाइपच्या ६४ किलोबाइट जागेत थांबतात आणि ती परत आल्यावर मिळतात. दुसरा काटा जोडला तेव्हाही हाच पाइप पुरला, कारण लिनक्सवर ४०९६ बाइटांपर्यंतचे एका वेळचे लिखाण दुसऱ्याच्या लिखाणात मिसळत नाही.

अडकलेली स्क्रिप्ट आपोआप ओळखायची असेल तर वॉचडॉग हा सिस्टिमडीचा पहारा लावावा लागतो आणि स्क्रिप्टने ठरावीक वेळाने आपण चालू असल्याची खूण त्याला पाठवावी लागते. त्यासाठी कोडमध्ये बदल करावे लागतात, तरीही ज्यांच्या दुकानातील व्यवहार स्क्रिप्टवर चालतो त्यांनी हे काम हंगामापूर्वीच उरकावे.