सगळा पोर्ट थांबवावा की एकच वर्ग?

इथरनेट स्विचच्या पोर्टवर गर्दीमुळे एकही फ्रेम (डेटाचा तुकडा) गळू नये अशी अपेक्षा असेल, तर दोन पर्याय समोर येतात: १९९७ च्या ८०२.३एक्स मानकातील सरसकट पॉज आणि २०११ च्या ८०२.१क्यूबीबी मानकातील प्राधान्यनिहाय पॉज, म्हणजेच पीएफसी.

सरसकट पॉजमध्ये बफर (फ्रेम्स तात्पुरत्या साठवण्याची जागा) भरत आला की स्विच समोरच्या टोकाला पॉज फ्रेम पाठवतो आणि तिकडून येणारी सगळीच वाहतूक काही काळ थांबते. स्टोरेजच्या गर्दीपायी व्हॉइसची पॅकेट्सही अडकून पडतात. लिंकवर एकाच प्रकारची वाहतूक असेल, तर एवढी सोपी मांडणी पुरेशी ठरते.

पीएफसीमध्ये आठही प्राधान्यांना (म्हणजे वाहतुकीच्या वर्गांना) स्वतंत्रपणे थांबवता येते, त्यामुळे स्टोरेजचा वर्ग थांबला तरी बाकीची वाहतूक चालू राहते. त्यासाठी दोन्ही टोकांवर प्राधान्यांची जुळणी एकसारखी असावी लागते आणि पॉज अमलात येईपर्यंत वाटेत असलेल्या फ्रेम्ससाठी हेडरूम बफर राखून ठेवावा लागतो. केबलची लांबी, लिंकचा वेग आणि एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणारा कमाल डेटा) वाढेल तसा तो वाढवावा लागतो. तो कमी पडला, तर पीएफसी चालू असूनही फ्रेम्स गळतात. (नेमक्या याच हिशेबाकडे सर्रास दुर्लक्ष होते.)

गर्दी एका स्विचवरून मागच्या स्विचवर पसरण्याचा धोका दोन्हींत आहे. पीएफसीमध्ये निदान तो त्या वर्गापुरता राहतो, आणि डेडलॉक झाल्यास, म्हणजे स्विचेस एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबल्यास, अडकलेली रांग मोकळी करणारा वॉचडॉग अनेक स्विचेसमध्ये मिळतो. मिश्र वाहतुकीसाठी मी पीएफसीच निवडेन, मात्र एक-दोन वर्गांपुरतेच आणि सोबत ईसीएन (गर्दी वाढू लागताच पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याची सूचना देणारी खूण) लावून, म्हणजे पॉजची वेळ क्वचितच येईल.