बेडूकउड्या की खेकडाचाल?
दादरच्या चाळीतली आमची खोली दहा बाय बाराची. पावसाची झड लागली की कॉट भिंतीला सरकवायची आणि लादीवरच खेळ मांडायचा.

बेडूकउड्या मुलांना लगेच जमतात. उकिडवं बसायचं, हात टेकायचे, उडी! मांड्या-पोटऱ्या बळकट होतात, तोल सावरायला शिकतात. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्यावर धपाधप होतं, आणि पायात मोजे असले की पाय सटकतोच.

खेकडाचालीला आवाज नाही. बसून तळवे मागे टेकायचे, ढुंगण उचलायचं आणि पोट छताकडे ठेवून चालायचं. खांदे, दंड, पाठ, सगळ्यांना काम. शिवाय उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी टाकायचा, हा मेळ बसवणं लहान मुलाला खरंच अवघड जातं. माझी पाच वर्षांची लेक पहिल्या दिवशी तीन पावलांत खाली बसली. आता पोटावर छोटी उशी ठेवून दारापासून मोरीपर्यंत जाते, उशी न पाडता!

घरात मी खेकडाचालच निवडेन. मनगट दुखलं तर मात्र लगेच थांबवायचं. बेडूकउड्या उघडीप मिळाली की शिवाजी पार्कच्या मातीत.