इन्फॉर्म रिस्क इंडेक्स: देशाचा धोका कळतो, स्त्रिया आणि मुलांचा कितपत?

मदतीचा निधी कोणत्या देशाकडे आधी वळवावा हे ठरवताना ज्या मोफत साधनांचा आधार घेतला जातो, त्यांत इन्फॉर्म रिस्क इंडेक्सचे स्थान मोठे आहे. युरोपीय आयोगाचे संयुक्त संशोधन केंद्र, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर भागीदार यांच्या सहकार्यातून तयार होणारा हा निर्देशांक १९१ देशांना ० ते १० या पट्टीवर गुण देतो. गुण जितके जास्त तितका मानवतावादी संकटांचा आणि आपत्तींचा धोका अधिक. संपूर्ण तक्ता एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो आणि अंतिम आकड्यापासून मागे जात थेट मूळ आकडेवारीपर्यंत पोहोचता येते. इतका उघडा हिशेब फार थोडी साधने देतात. हे परीक्षण मात्र एकाच प्रश्नापुरते आहे: या हिशेबात स्त्रिया आणि मुले कुठे सापडतात?

संकट व त्याच्या टप्प्यात येणारी लोकसंख्या, असुरक्षितता आणि तोंड देण्याच्या क्षमतेचा अभाव या तीन घटकांच्या भूमितीय सरासरीतून (तिन्हींच्या गुणाकाराच्या घनमुळातून) अंतिम गुण निघतो. स्त्रिया भेटतात त्या प्रामुख्याने दुसऱ्या घटकात, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या लैंगिक विषमता निर्देशांकाच्या रूपाने. मातामृत्यू, किशोरवयीन मुलींमधील प्रसूती, संसदेतील जागा, माध्यमिक शिक्षण आणि श्रमबाजारातील सहभाग यांवरून तो काढला जातो. निवड चुकीची नाही. नॉयमायर आणि प्ल्युम्पर या संशोधकांनी १९८१ ते २००२ या काळातील १४१ देशांच्या अभ्यासात दाखवले होते की आपत्तींमुळे स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक घटते, आणि जिथे स्त्रियांचा सामाजिक-आर्थिक दर्जा चांगला असतो तिथे ही तफावत कमी होते. पण असुरक्षिततेच्या सामाजिक-आर्थिक भागात विषमतेला एक चतुर्थांशच वजन आहे, आणि त्यातही लैंगिक विषमतेला उत्पन्नातील विषमतेसोबत जागा वाटून घ्यावी लागते. शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचेतो तिचा ठसा बराच पुसट होतो.

खरी उणीव पहिल्या घटकात आहे. पूर किंवा त्सुनामी यांच्या टप्प्यात किती माणसे येतात हे निर्देशांक मोजतो, पण ती माणसे स्त्रिया की पुरुष, वृद्ध की बालके, हे तिथे विचारलेच जात नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या मदतसंस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष मृत्युमुखी पडले. किनारपट्टीवर अनेक ठिकाणी पुरुष मासेमारीसाठी खोल समुद्रात होते, जिथे लाट बोटीखालून जवळजवळ न जाणवता निघून गेली. स्त्रिया मात्र मासळी उतरवून घेण्यासाठी किनाऱ्यावर किंवा मुलांसह घरी होत्या, आणि पोहायला शिकण्याची संधी त्यांच्यापैकी फार थोड्यांना मिळाली होती. एकाच गावात, एकाच सकाळी धोका इतक्या विषमतेने विभागला गेला, आणि ही विषमता संसदेतील जागांच्या प्रमाणावरून ओळखता आली नसती. वेळेचेही तेच: ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपाने शाळा भरलेल्या असताना हजारो मुलांचा बळी घेतला. लोक कुठे राहतात एवढेच पाहणाऱ्या मोजणीत ती मुले घरीच धरली जातात.

मुलांचा विचार त्याहूनही तोकडा आहे. असुरक्षित गटांमध्ये पाच वर्षांखालील मुलांचे कुपोषण आणि मृत्युदर धरलेले आहेत, आणि भूक व साथी यांच्या संकटात ते उपयोगी ठरतात यात शंका नाही. पाच ते सतरा या वयाला मात्र स्वतंत्र गट म्हणून जागा नाही. आपत्तीनंतर कुटुंबापासून दुरावणे, शाळा कायमची सुटणे, लवकर लावून दिले जाणारे लग्न, मानवी तस्करी हे सर्व धोके याच वयात दाटून येतात. कारण समजण्यासारखे आहे: १९१ देशांत सारख्याच पद्धतीने गोळा झालेली अशी आकडेवारी मिळत नाही, आणि जे मोजले गेलेले नाही त्याला जागतिक निर्देशांकात घर मिळत नाही. आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय सेंडाई आराखड्याने लिंग, वय आणि अपंगत्व यांनुसार विभागलेल्या माहितीची मागणी केली, ती उगाच नव्हे.

निर्मात्यांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. प्रत्येक देशाच्या गुणांसोबत विश्वासार्हतेच्या अभावाचा वेगळा गुण छापलेला असतो. माहिती जुनी किंवा अपुरी असेल तर तो वाढतो. बहुतेक वाचक त्या स्तंभाकडे पाहत नाहीत, हा दोष साधनाचा नव्हे.

देशांची प्राथमिक चाळणी लावण्यासाठी हे साधन निःसंकोच वापरावे. निवारा केंद्रात किती गरोदर स्त्रिया असतील, स्वच्छतागृहे कुठे हवीत, इशारा कोणाच्या हातातील फोनवर पोहोचतो, यांचे उत्तर त्याच्याकडून मागू नये. ज्यांना तेवढे खोल जायचे आहे त्यांच्यासाठी याच पद्धतीची प्रादेशिक आणि देशांतर्गत प्रारूपे उभारता येतात, ज्यात स्थानिक निर्देशक घालण्याची मोकळीक असते. तिथे लिंग व वयानुसार विभागलेली लोकसंख्या असुरक्षिततेच्या रकान्यात न ढकलता पहिल्याच घटकात, संकटाच्या टप्प्यातील लोकांच्या मोजणीत घालावी.