पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक बसवावं?

दारात जुनी पेट्रोल ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी असली की मेकॅनिक कधी ना कधी म्हणतोच, "काका, पॉइंट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक बसवा." म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडायच्या यंत्रणेत (इग्निशनमध्ये) करंट जोडणारी-तोडणारी धातूची उघडझाप करणारी जोडी, म्हणजे पॉइंट, काढून तिथं इलेक्ट्रॉनिक किट लावा. सल्ला चांगला आहे, पण अमरावती शहरात फिरणाऱ्याला आणि धारणीच्या घाटात जाणाऱ्याला तो सारखाच लागू पडत नाही.

बहुतेक सामान दोन्हींत तेच राहतं. कॉइल, म्हणजे व्होल्टेज वाढवणारं वेटोळं, बॅटरीच्या १२ व्होल्टांचे १५-२० हजार करते. इंजिनाच्या क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरणारा रोटर ती वीज वरच्या कॅपमधून सिलिंडरच्या १-३-४-२ अशा क्रमानं प्लगांना वाटतो; रोटर-कॅपच्या या डबीला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. कॉइलचा करंट तुटला की ठिणगी पडते; तो नेमक्या क्षणी तोडतो कोण, एवढाच फरक.

जुन्या पद्धतीत तो पॉइंट तोडतात. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला १०० वेळा. ठिणगी आवरायला कंडेन्सर असला तरी थोडी ठिणगी पॉइंटवरच उडते, ते काळे पडतात. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारी त्यांची टाच झिजली की पॉइंटमधली फट, म्हणजे गॅप, कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. मग गाडी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त पिते. ॲम्बेसेडरची गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिमी. ती फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) अधूनमधून पाहावीच लागते, आणि इथंच बहुतेकांचा आळस नडतो.

इलेक्ट्रॉनिकमध्ये पॉइंटच्या जागी चुंबक आणि सेन्सर असतो, त्यांच्या इशाऱ्यावर मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक स्विच) करंट तोडतं, घासणारं काही नाही. एकदा लावलेलं टायमिंग हलत नाही, थंडीत सकाळी गाडी लवकर उचलते. रोज चालणाऱ्या गाडीला हेच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र पावसाळ्यात गाडी मिसिंग करते म्हणून हा खर्च करू नका. तो दोष बहुधा ओलसर कॅपचा, तडकलेल्या रोटरचा किंवा जुन्या प्लग वायरींचा असतो, आणि कॅप-रोटर तर तेच राहणार. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गाडी बंद पडते, तेव्हाही आधी पेट्रोलवर संशय घ्या. पाइपात ते वाफाळलं तरी गाडी अशीच दगा देते. प्लगला ठिणगी येत असेल तर इग्निशनला दोष कशाला?

खरा प्रश्न बिघडण्याच्या तऱ्हेचा आहे. पॉइंट आधी कुरकुरतात. पॉलिश पेपर मारून, गॅप लावून गाडी घरापर्यंत येते. मॉड्यूल गेलं की गेलंच, आणि ते तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. बॅटरीच्या वायरी उलट जोडल्या तर ते क्षणात जळतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू करताना घाईघाईत हे सहज होतं.

बिनडिस्ट्रिब्युटरच्या, कार्बुरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल देणाऱ्या नव्या गाडीची यांच्याशी तुलना नको, त्यासाठी गाडीच बदलावी लागेल.

गाडी आठवड्याला एकदा बाजाराला जात असेल आणि गावात पॉइंट लावणारा हात असेल तर आहे तेच ठेवा. मेळघाटासारख्या भागात जाणं-येणं असेल तर पॉइंटच्याच जागी बसणारं किट घ्या, तुमच्या कॉइलशी जुळतं का ते आधी विचारा, आणि काढलेले पॉइंट, कंडेन्सर, स्क्रूसकट डिकीत ठेवा. किट बसवताना जुनी जोडणी कागदावर काढून घ्या. रस्त्यात ती परत करायची वेळ आली तर कोणती वायर कुठं होती, हे तिथं सांगायला कोणी नसेल.