भिंतीवरची बुरशी: पाचशेत भागेल की पन्नास हजार लागतील?

एकाच भिंतीसाठी तीन जणांनी मला तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. रंगारी म्हणाला ४,५०० रुपये. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला १६,०००. तिसरे एक वयस्कर गवंडीकाका आले, त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. खिडकीतून मान बाहेर काढून वरच्या छज्ज्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भिंत कशाला करताय? पाणी तिथून येतंय."

ठाण्यातलं घर, पश्चिमेची भिंत, १० फूट बाय ९ फूट. गणपती तोंडावर आले होते, घर रंगवलेलं दिसायला हवं होतं, म्हणून रंगाऱ्याला हो म्हटलं. पुढच्या जुलैत त्याच जागी तोच काळा डाग आला, आणि या वेळी पुट्टीचे पोपडेही सुटले. भिंतीला टेकलेल्या कपाटात आईचा लग्नातला शालू होता. घडी उलगडली तर जरीच्या काठाजवळ पांढरे ठिपके आणि तो कुबट वास. त्या दिवशी मी गवंडीकाकांना परत बोलावलं.

बुरशी काढण्याचा म्हणून वेगळा धंदा अमेरिकेत आहे. आपल्याकडे हे काम रंगारी, गवंडी, प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला यांच्यात वाटलेलं आहे, आणि प्रत्येक जण आपल्याला जे येतं तेच औषध सांगतो. म्हणून आकड्यांत एवढी तफावत. खाली जे भाव दिलेत ते ठाणे-मुंबई-पुणे पट्ट्यातले ढोबळ भाव आहेत. गाव, मजला आणि हंगाम यांप्रमाणे ते कमीजास्त होतील, पण कोटेशन हातात आल्यावर ते कुठे बसतं हे कळायला पुरतील.

पैसे काढण्याआधी दोन दिवस

भिंतीवर पांढरं, मिठासारखं भुरभुरीत काही आलं असेल तर ती बहुधा बुरशी नसून लोणा आहे. भिंतीतलं पाणी सुकताना सिमेंट-विटांतले क्षार वर येतात. चिमटीत घेतलं तर पूड होते, पाण्याच्या थेंबात विरघळते. बुरशी काळी, हिरवट किंवा करडी असते, तिला वास असतो आणि बोटाला चिकटते. लोणा दिसला तर पाणी भिंतीतूनच येतंय असं समजायला हरकत नाही.

बुरशी असेल तर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खोलीकडच्या बाजूने दव साचलं तर दोष हवेतल्या दमटपणाचा आहे. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. वीस रुपयांच्या या तुकड्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. हे केल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, असं मी पोटतिडकीने सांगेन.

आतून करायचे तीन मार्ग

स्वतः साफ करणं सगळ्यात स्वस्त: हातमोजे, एन-९५ मास्क, ब्रश, साबण, सगळं मिळून ५०० ते ७०० रुपये. डाग साधारण ३ फूट बाय ३ फूट, म्हणजे १० चौरस फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी करायला हरकत नाही, ही मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घालून दिलेली आहे आणि ती आपल्यालाही वापरता येते. साबणाच्या पाण्याने घासायचं, पुसायचं आणि पंखा लावून खडखडीत सुकवायचं. ब्लीच टाइल्सवर चालतं. प्लास्टरवर मात्र त्यातलं पाणी आत मुरतं आणि मुळं तशीच राहतात. एक गोष्ट जिवावरची आहे: ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या मोऱ्या इतक्या लहान असतात की तो लगेच छातीत भरतो. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर घासताना त्यांना दुसऱ्या खोलीतही ठेवू नका, घराबाहेर पाठवा.

रंगाऱ्याचा मार्ग म्हणजे खरवडणं, बुरशीनाशक द्रव, ओलरोधक प्रायमर, पुट्टी आणि दोन हात रंग. भाव चौरस फुटाला ४० ते ६० रुपये, म्हणजे माझ्या ९० चौरस फुटांच्या भिंतीला ३,६०० ते ५,४००. हवेच्या दमटपणाने आलेल्या बुरशीवर हे काम छान टिकतं. भिंतीतून पाणी येत असेल तर मात्र ते एका पावसाळ्याचं पांघरूण ठरतं, कारण मागून येणाऱ्या पाण्याला वाट हवीच असते आणि ते रंगाला ढकलून बाहेर पडतं. पाच वर्षं दरवर्षी ४,५०० म्हणजे २२,५००. माझ्या मते या सगळ्यांत महाग पर्याय हाच आहे, आणि सगळ्यात जास्त विकला जाणाराही हाच.

तिसरा मार्ग प्लास्टर विटेपर्यंत काढण्याचा. भिंत सुकू द्यायची, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा लेप द्यायचा, नवं प्लास्टर करायचं आणि मग रंग. चौरस फुटाला १२० ते २०० रुपये. इथे एक पैसे वाचवणारी गोष्ट आहे: पूर्ण भिंत करायची गरज बहुतेक वेळा नसते. ओली जागा आणि तिच्याभोवती फूटभर एवढंच प्लास्टर काढलं तरी पुरतं. भिंतीवर मूठ आपटत जा, जिथे पोकळ आवाज येतो तिथपर्यंत खडूने रेघ मारा आणि तेवढ्याच चौरस फुटांचा भाव मागा. माझं ९० चौरस फुटांचं काम अशा रेघेने ३५ वर आलं. बाहेरचं पाणी थांबवलं नसेल तर मात्र एवढं करूनही ओल सरकून शेजारच्या कोपऱ्यात निघते.

बाहेरून आणि वरून

मुंबई-ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तो उभा न पडता झोडपतो. कोकणात पूर्वी मातीच्या भिंतींना पावसाळ्याआधी झावळ्या बांधायचे ते याचसाठी. भिंत बाहेरूनच झाकायची असते, हे आजी-पणजीला ठाऊक होतं.

बाहेरच्या भेगा बुजवून ताणला जाणारा रंग मारायचा भाव चौरस फुटाला ४० ते ८० रुपये पडतो. पण चौथ्या मजल्यावरच्या एका भिंतीसाठी खरा खर्च पोचण्याचा असतो. दोरावरून उतरणारी माणसं दिवसाचे काही हजार घेतात, मग भेग वीतभर असो की दहा फूट. म्हणून एकट्या घरासाठी १०,००० ते २०,००० होतात आणि त्याच बाजूच्या पाच-सहा घरांनी एकत्र केलं तर प्रत्येकाला निम्म्याहून कमी पडतात. शेजाऱ्यांची दारं वाजवा.

गच्ची गळत असेल तर तीन पर्याय आहेत. नुसतं कोटिंग ४० ते ७० रुपये चौरस फूट, तीन ते पाच वर्षं टिकतं. गरम करून चिकटवायचं डांबरी मेंब्रेन, म्हणजे डांबराची चादर, ८० ते १५०. विटांच्या तुकड्यांचा कोबा १२० ते २००, पण उतार नीट दिला आणि कठड्याच्या कडेला गोलाई घेतली तर दहा वर्षं आणि त्याहून जास्त चालतो. ६०० चौरस फुटांच्या गच्चीला कोटिंग २४,००० पासून, कोबा ७२,००० पासून. जुन्या इमारतीत कोब्यावर कोबा चढवत नेतात, त्याने स्लॅबवर वजन वाढतं. ३० वर्षांपुढच्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नवा कोबा घालू नये.

छताला गोल पिवळट डाग आणि वर कुणाची तरी मोरी असेल तर चूक बहुधा नहाणी ट्रॅपभोवती (मोरीतलं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालचं भांडं) किंवा टाइल्सच्या सांध्यात असते. सांधे खरवडून इपॉक्सी (पाणी न शिरू देणारा, घट्ट बसणारा भरणा) भरायला ५,००० ते १०,०००. त्याने थांबलं नाही तर मोरी फोडून, वॉटरप्रूफिंग करून, नवे पाइप आणि टाइल्स घालून ४०,००० ते ८०,०००. कुणी पहिल्याच भेटीत फोडायला सांगितलं तर थांबा. आधी सांधे भरून बघा. फोडलीच, तर टाइल्स बसवण्याआधी २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवायला लावा आणि खालच्या घरात जाऊन स्वतः छत बघा.

बिल कुणाच्या नावावर?

आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात: दुसऱ्याचं बिल माणसं मुकाट्याने भरतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती हे सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. आतलं काम सभासदाचं. वरच्या घरातल्या मोरीतून गळत असेल तर वरच्या सभासदाचं, जरी पुष्कळ ठिकाणी शेजारधर्म राखायला अर्ध्या-अर्ध्यावर तोडगा निघतो. सेक्रेटरींना तोंडी सांगून उपयोग नाही. फोटो लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

घर नवं असेल तर आणखी सोपं. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तीन वर्षांच्या घराच्या भिंती स्वखर्चाने खरवडून घेणारी माणसं मला भेटली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. विम्यावर मात्र विसंबू नका, हळूहळू झिरपणारी ओल घराच्या विम्यात सहसा धरत नाहीत.

दोष हवेचा असेल तर

फॉइलने हवेकडे बोट दाखवलं तर वरच्या कुठल्याच मोठ्या खर्चाची गरज नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, ओले कपडे खोलीत वाळवणं बंद करा, मोरीत एक्झॉस्ट पंखा बसवा (बसवण्यासकट २,००० ते ३,०००). त्यानेही भागलं नाही तर हवेतलं पाणी ओढणारं डीह्युमिडिफायर यंत्र १२,००० ते २०,००० रुपयांना येतं. पावसाळ्यात रोज आठ तास लावलं तर महिन्याला पाच-सहाशे रुपये वीजबिल वाढेल. पुण्या-मुंबईत घर बंद ठेवून परदेशी राहणाऱ्यांनी यंत्र बंद घरात चालू सोडण्यापेक्षा, आठवड्यातून एकदा कुणाकडून तरी खिडक्या उघडून पंखे लावून घ्यावेत.

धूर किंवा फवारा मारून "बुरशीमुक्त घर" करून देतो म्हणणारेही हल्ली येतात, काही हजार घेतात. मी हा खर्च करणार नाही. मेलेली बुरशीसुद्धा भिंतीवर राहिली तर नाक-घशाला त्रास देऊ शकते, ती घासून काढावीच लागते. आणि पाणी तसंच राहिलं तर ओल्या जागेवर एक-दोन दिवसांत नवी उगवायला लागते.

कोटेशन घेताना ते चौरस फुटांत लिहून घ्या, मालाचं नाव आणि किती हात हे त्यात असू द्या. कंपनीचं असेल तर १८ टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, ते विचारा. "१० वर्षांची वॉरंटी" नुसत्या मालाची आहे की मजुरीसकट, हे कागदावर घ्या. मालाची वॉरंटी म्हणजे पुन्हा डबा मिळेल, भिंत खरवडायचे पैसे तुमचेच.

माझ्या घरी शेवटी असं झालं. छज्जा भिंतीला मिळतो तिथे केसाएवढी भेग होती. सोसायटीने ११,००० खर्चून ती भरून घेतली, छज्ज्याच्या वरच्या अंगाला उतार दिला आणि पाणी भिंतीकडे न वळता खाली टपकावं म्हणून खालच्या कडेला खाच पाडली. आतलं ३५ चौरस फूट प्लास्टर मी ६,००० रुपयांत केलं. काम डिसेंबरात झालं, प्लास्टर काढल्यावर भिंत तीन आठवडे उघडी ठेवली, आणि रंगाऱ्याला जानेवारीत बोलावलं.

तुम्ही हे भर पावसात वाचत असाल तर आत्ता फक्त घासा, सुकवा, कपाट ओढा आणि फोटो काढून ठेवा. ओल नेमकी कुठून येते ते पाऊस चालू असतानाच दिसतं. लेखी अर्ज या आठवड्यात द्या. भाव दिवाळीनंतर मागवा, तेव्हा माणसंही मिळतात आणि भिंतही सुकते.