ड्रोनवरचा ४जी मोडेम: सोलापूरच्या शिवारात आठ महिने वापरल्यावर

ड्रोनची माहिती मोबाइल नेटवर्कवरून लॅपटॉपवर आणण्यासाठी हा मोडेम. आधी जोडणी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते कळेल. कार्बन फायबरची मध्यम आकाराची क्वाडकॉप्टर चौकट, पिक्सहॉक प्रकारचा फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन उडवणारा मेंदू), त्यावर आर्डुपायलट कॉप्टर हे सॉफ्टवेअर. शेजारी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसतं ‘पाय’) आणि त्याच्या यूएसबीला सिम७६००जी-एच चिपचा मोडेम. कंट्रोलरच्या टेलिम२ पोर्टवरून पायला सिरीयल जोडणी, पायवर मॅव्हलिंक-राउटर (ड्रोनचे मॅव्हलिंक संदेश पुढे पाठवणारा प्रोग्रॅम), जमिनीवर लॅपटॉपमध्ये मिशन प्लॅनर (ड्रोनची स्थिती दाखवणारा प्रोग्रॅम), मधला रस्ता वायरगार्डचा (इंटरनेटवरचा खाजगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन). काम डाळिंबाच्या बागा आणि उसाचे फड वरून बघण्याचं. मोहोळ, मंद्रूप, अक्कलकोट हा पट्टा.

मोडेम चांगला आहे, घ्यावा. पण पहिल्या दोन महिन्यांत लिंक तुटण्याची जी कारणं सापडली, त्यांत टॉवरचा दोष फार थोड्या वेळा निघाला. वीज, वायर, राउटिंग आणि घड्याळ यांचाच वाटा मोठा होता. म्हणून तपासणी खालून वर करावी: वीज, मग सिम, मग नोंदणी, मग रस्ता, आणि उंचीचा विचार शेवटी.

खरेदी करताना अक्षरं नीट वाचा. सिम७६००ए-एच स्वस्तात मिळतो, पण त्याचे ४जी बँड २, ४ आणि १२ हे अमेरिकेचे आहेत. आपल्याकडे १, ३, ५, ८, ४०, ४१ चालतात. ‘जी-एच’ सगळीकडे चालतो, ‘ई’ मालिकाही इथे चालते. ‘ए’ घेतला असेल तर कितीही सेटिंग बदला, ४जी लागणार नाही.

आता वीज. मोडेम ४जी वर असताना साधारण अर्धा अँपिअर घेतो, पण २जी वर घसरला की क्षणाक्षणाला २ अँपिअरपर्यंतचे झटके मारतो. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतो. टेबलावर, घराशेजारी टॉवर असताना हे कधी दिसत नाही. फडाच्या पलीकडे सिग्नल पडला, मोडेमने पूर्ण ताकद लावली की व्होल्टेज बसतं, मोडेम रीसेट होतो आणि आपण म्हणतो नेटवर्क गेलं. ओळखायची खूण सोपी आहे. उतरल्यावर बॅटरी न काढता पायवर ‘डीमेसेज’ (सिस्टिमची नोंद) बघा. ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ असेल तर टॉवरचा काही संबंध नाही. पायचा ‘गेट_थ्रॉटल्ड’ आदेश चालवला आणि ०एक्स० ऐवजी ०एक्स५०००० आलं, तर मधे कधीतरी पायचं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलेलं आहे.

उपाय: पाय आणि मोडेमसाठी ५ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवणारा बोर्ड), फ्लाइट कंट्रोलरच्या पॉवर मॉड्यूलवर हा भार टाकू नका. मोडेमच्या बोर्डावर ५ व्होल्टची स्वतंत्र पिन असेल तर तिथे बीईसीची वायर थेट द्या आणि यूएसबी केबलमधली लाल तार तोडून टेप लावा, नाहीतर वीज उलटी पायमध्ये शिरते. वायर २० किंवा २२ गेजची सिलिकॉनची, लांबी वीतभराच्या आत. मोडेमच्या पिनला लागून १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर. मल्टिमीटर बीईसीच्या तोंडाशी लावून उपयोग नाही, मोडेमच्या पॅडवरच लावा. बीईसीशी ५.१ आणि पॅडवर ४.६ असं दिसलं तर दोष वायरीत किंवा क्रिम्पमध्ये आहे.

मोडेम रीसेट होऊन परत आला की आणखी एक घोळ होतो. एटी आदेशांचा (मोडेमला द्यायच्या मजकुरी आदेशांचा) पोर्ट आधी टीटीवाययूएसबी२ असतो, परत आल्यावर तो ३ किंवा ४ होऊ शकतो आणि स्क्रिप्ट जुन्याच पोर्टशी बोलत बसते. यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या सोयीचा) नियम लिहून पोर्टला कायमचं नाव द्या.

अँटेनाची यू.एफ.एल. पिन अगदी हलकी असते, तिचं रेटिंगच सुमारे ३० वेळा काढघाल करण्याचं आहे. कंपनाने ती अर्धी उचलली जाते. वरून बसल्यासारखी दिसते, नखाने दाबली की बारीक ‘टक’ आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे ती सुटलेलीच होती. बसवल्यावर थेंबभर हॉट ग्लू टाका. बोर्डावर मुख्य, सहायक आणि जीपीएस अशा तीन जागा असतात. अँटेना जीपीएसच्या जागी लावून नेटवर्क शोधत बसण्याची चूक फार जणांकडून होते. मुख्य आणि सहायक दोन्ही लावा, एकमेकांना काटकोनात, कार्बनच्या चौकटीपासून लांब, खाली ड्रोनच्या लँडिंगच्या पायांवर. कार्बन फायबर वीजवाहक आहे, त्याच्या आडोशाला अँटेना ठेवली की सिग्नल अडतो. ड्रोनचा स्वतःचा जीपीएस वर खांबावर, मोडेमपासून किमान १५ सेंटीमीटर. सिमच्या खाचेत काप्टॉन टेपची (पातळ इन्सुलेशन टेप) बारीक घडी दाबून बसवा. उड्डाणात ‘सीपीआयएन’ या सिम तपासणाऱ्या एटी आदेशाला रेडीऐवजी एरर १० आली तर सिमचे संपर्क उडताहेत.

नेटवर्कवरच्या नोंदणीसाठी ‘सीईआरईजी’ हा एटी आदेश विचारा. ०,१ म्हणजे आपल्या नेटवर्कवर, ०,५ म्हणजे रोमिंग, ०,२ म्हणजे शोधतोय, ०,३ म्हणजे नाकारलं. अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या सीमेलगत, तिकडच्या सर्कलचा टॉवर पकडला की ०,५ येऊ शकतं. पायच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये ‘फक्त होम’ (रोमिंग नको) हा पर्याय चालू असेल तर मोडेम नोंदलेला असूनही डेटा लागत नाही. एपीएन (कंपनीच्या डेटा जोडणीचं नाव) हाताने टाका आणि प्रकार ‘आयपीव्ही४व्ही६’ ठेवा. ‘सीएनएमपी=३८’ देऊन मोडेम फक्त ४जी वर बांधा. यामुळे २जी वर घसरणं थांबतं आणि ते २ अँपिअरचे झटकेही थांबतात. या एका आदेशाने आठ महिन्यांत जितका फरक पडला तितका दुसऱ्या कुठल्याच सेटिंगने नाही.

मोडेम आरएनडीआयएस मोडमध्ये, म्हणजे ‘सीयूएसबीपीआयडीस्विच=९०११,१,१’ देऊन, वापरावा. मग तो साध्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि मोडेममॅनेजर (पायवरचा मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम) बंद ठेवता येतो. मोडेममॅनेजर चालू असला की तो एटी पोर्ट अडवतो. शिवाय त्याच्या जोडणीचा मेट्रिक (रस्ता निवडताना बघायचा आकडा) ७०० असतो आणि वायफायचा ६००. कमी आकडा जिंकतो. म्हणजे पाय मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला असेल तर सगळा डेटा वायफायवरूनच जातो, बांधावर सगळं सुरळीत दिसतं आणि ड्रोन हॉटस्पॉटच्या टप्प्याबाहेर गेला की लिंक मरते. उड्डाणाआधी पायचं वायफाय बंद करा.

मोबाइल कंपन्या सहसा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला, अनेकांमध्ये वाटलेला पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट ड्रोनपर्यंत पोचता येत नाही. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) आणि वायरगार्ड हा रस्ता भरवशाचा ठरला. ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह’ २५ ठेवा. सर्व्हरच्या जागी नाव न लिहिता आकडी पत्ता लिहा, कारण सुरू होताना डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) लागलं नाही तर बोगदा उभाच राहत नाही.

सगळ्यात छळणारा दोष घड्याळाचा. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही. बंद होताना आणि तासातासाला तो वेळ लिहून ठेवतो आणि चालू होताना तीच वेळ धरतो. ड्रोनवर आपण शटडाउन करत नाही, बॅटरी उपटतो. वायरगार्डचं हस्तांदोलन (दोन टोकांची जोडणी जुळवणं) घड्याळातल्या वेळेच्या आधारे चालतं: आधीच्या हस्तांदोलनापेक्षा जुनी वेळ आली की सर्व्हर ते गुपचूप टाकून देतो. परिणाम असा की पहिलं उड्डाण ठीक, बॅटरी बदलून दुसरं सुरू केलं की इंटरनेट आहे, पिंग जातंय, पण मिशन प्लॅनर कोरा. दहा-वीस मिनिटांनी आपोआप लागतं, म्हणून कारण सापडत नाही. डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा, किंवा एनटीपीने (इंटरनेटवरून) वेळ जुळल्यावरच वायरगार्ड सुरू होईल असं सिस्टमडीमध्ये (पायवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) बांधा. दोन्ही केलं तर उत्तम.

टेलिमेट्री (ड्रोनची स्थिती सांगणारा डेटा) यूडीपीवरच पाठवा, हरवलेलं परत न पाठवणाऱ्या पद्धतीने. टीसीपीमध्ये तीन सेकंद खंड पडला की आधीचा साचलेला डेटा पुढे येतो आणि पडद्यावर ड्रोन जिथे होता तिथे दिसतो. मॅव्हलिंक २ चं सगळ्यात मोठं पॅकेट २८० बाइटचं, त्यामुळे टेलिमेट्रीला एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) प्रश्न येत नाही. व्हिडिओ अडखळत असेल तर बोगद्याचा एमटीयू १२८० करून बघा. ५७६०० बॉडवर टेलिमेट्री, बोगद्याचा वरखर्च सोडून, तासाला जास्तीत जास्त २१ एमबी खाते, १ एमबीपीएसचा व्हिडिओ ४५० एमबी.

उंचीबद्दलचा समज बहुतेकांचा उलटा असतो. वर गेलं की दांड्या भरतात, कारण मध्ये झाड-घर काही राहत नाही. सोलापूरसारख्या सपाट माळावर तर दूरदूरचे टॉवर एकदम समोर येतात. पण ते सगळे एकाच वेळी ऐकू येतात आणि एकमेकांच्या आवाजात मिसळतात. टॉवरच्या अँटेना जमिनीकडे झुकवलेल्या असतात, वर मिळतो तो बाजूला सांडलेला सिग्नल, तोही तुटक. त्यामुळे मोडेम या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो. ‘सीपीएसआय’ हा सिग्नलचे आकडे देणारा एटी आदेश सेकंदाला एकदा विचारून लॉग ठेवा. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) -१०५ वरून -८५ वर सुधारलं आणि आरएसआरक्यू (सिग्नलचा दर्जा) -१० वरून -१६ वर घसरलं, तर ताकद वाढली पण दर्जा गेला असं वाचायचं. काही फर्मवेअर हेच आकडे दहापट दाखवतात, -८५० म्हणजे -८५.०. उपाय म्हणजे खाली उडवणं. फडाच्या वर ३० ते ५० मीटर हा पट्टा या भागात सर्वात स्थिर वाटला. बँड बांधून ठेवल्यानेही उड्या कमी होतात, पण त्या बँडचा टॉवर तिथे नसेल तर काहीच लागत नाही, म्हणून आम्ही ते कायम ठेवत नाही.

तसंही ड्रोन नियम २०२१ नुसार हरित क्षेत्रात १२० मीटर आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर ही मर्यादा आहे. होटगी रोडचा विमानतळ लक्षात घेता शहराच्या आसपास डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका. ४जी आहे म्हणून नजरेआड पाठवायची परवानगी मिळत नाही. आणि हातात आरसी रिमोट हवाच.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत ड्रोन उन्हात बांधावर उभा असताना पाय ८० अंशांवर जाऊन मंदावतो. उडाला की पंख्यांच्या वाऱ्याने सुधारतो. मोडेमचं तापमान ‘सीपीएमयूटेम्प’ हा एटी आदेश सांगतो. सावलीत चालू करा.

फेलसेफ (लिंक गेल्यावर ड्रोनने आपोआप काय करायचं ते) शेवटी लिहिलं असलं तरी करायचं सगळ्यात आधी. कंट्रोलरमधलं ‘एफएस_जीसीएस_इनेबल’ हे सेटिंग मुळात ० असतं, ते १ करा, म्हणजे लिंक गेली की ड्रोन घरी परततो. लिंक गेली असं धरण्याची वेळ मुळात ५ सेकंद आहे. टॉवर बदलताना दोन-चार सेकंद जातात, म्हणून ८ ठेवली तर विनाकारण परतणं थांबतं. पायवर मॅव्हलिंक-राउटरऐवजी मॅव्हप्रॉक्सी असेल तर सावध राहा: तो स्वतःच २५५ या जमिनीवरच्या स्टेशनच्या क्रमांकाने हार्टबीट (‘मी आहे’ असा ठरावीक संदेश) पाठवतो, कंट्रोलरला वाटतं लॅपटॉप आहेच, आणि ४जी पूर्ण मेलं तरी फेलसेफ लागत नाही. पारखायचं असं: पंखे काढा, ‘डिसआर्म_डिले’ (मोटारी आपोआप बंद होण्याची वेळ) तात्पुरतं ० करा, स्टॅबिलाइझ मोडमध्ये आर्म करा (मोटारी चालू करा), थ्रॉटल खाली ठेवा आणि लॅपटॉपचं इंटरनेट तोडा. आठ सेकंदांनी मोटारी थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर आधी हार्टबीट कोण पाठवतंय ते शोधा, आणि ते सापडेपर्यंत पंखे लावू नका.